घर कुणाच्या मापाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. बरीच वर्षं मूल झालं नाही म्हणून आम्ही मुलगी दत्तक घेतली. घरी आली तेव्हा ती अडीच वर्षांची होती, त्याआधी संस्थेत. तिच्या जन्मदात्यांविषयी काहीच माहिती नाही. पुढे ध्यानीमनी नसताना आम्हाला मुलगा झाला. आज मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा सहाचा. मुलगा चौथ्या वर्षी आपणहून वाचायला लागला. मुलगी अजून जोडाक्षरांवर अडखळते, तीच ओळ दोनदा वाचते, परीक्षेत मागे पडते. गोष्ट ऐकवली तर मात्र बारीकसारीक तपशिलांसह सांगते. परवा माझी बहीण म्हणाली, "कितीही केलंस तरी शेवटी रक्त ते रक्त." मी गप्प बसलो. मुलगी पलीकडच्या खोलीत होती, तिनं ऐकलं असावं. त्याहून वाईट म्हणजे हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. बुद्धी निम्मी किंवा त्याहून जास्त आनुवंशिक असते असं वाचलंय. मग जास्त अपेक्षा ठेवून मी तिला उगाच छळतोय का? की अपेक्षा कमी करणं हाच अन्याय ठरेल? डीएनए चाचणी करून तिची कुवत आणि कल आधीच समजून घ्यावा का?

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ 'मी गप्प बसलो' या तीन शब्दांपाशी थांबले. बहिणीचं बोलणं तुम्हाला इतकं लागलं, कारण तुमच्याच मनातलं तिनं मोठ्यानं म्हटलं. तो विचार मनात आला याची लाज बाळगू नका. 'खाण तशी माती' ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो, आणि दोन मुलं एका छपराखाली वाढत असली की तुलना न बोलावता येते. पण मनात आलेला विचार खरा आहे की नाही, हे तपासायलाच हवं. तुम्ही शिक्षक आहात, म्हणून थोडी तपशिलात शिरते.

आधी तो आकडा. तो मुख्यतः जुळ्यांच्या अभ्यासांतून आला. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळी इतर सख्ख्या भावंडांइतकीच सारखी, म्हणजे माणसामाणसांत जी जनुकं वेगळी असतात त्यांतली सरासरी निम्मी त्यांच्यात सामाईक. एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा किती जास्त मिळत्याजुळत्या निघतात, यावरून आनुवंशिकतेचं प्रमाण काढतात. 2015 मध्ये अशा पन्नास वर्षांच्या कामाचा एकत्र हिशेब झाला. 2,748 शोधनिबंध, जुळ्यांच्या सुमारे 1 कोटी 45 लाख जोड्या, आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी 49 टक्के. बुद्ध्यांकाच्या बाबतीत हे प्रमाण वयाबरोबर चढत जातं. एका मोठ्या अभ्यासात ते नवव्या वर्षी 41, बाराव्या वर्षी 55 आणि सतराव्या वर्षी 66 टक्के निघालं. हे आकडे भक्कम आहेत. सगळं संस्कारांवर असतं, जनुकांचा काही संबंध नाही, असं सांगून तुमची समजूत काढणं मला जमणार नाही, कारण ते खरं नाही.

पण हा आकडा कशाचा आहे? टाळी एका हातानं वाजत नाही, असं आपण भांडणाबद्दल म्हणतो. इथे ते शब्दशः लागू पडतं. एका टाळीच्या आवाजात उजव्या हाताचे किती टक्के आणि डाव्याचे किती, या प्रश्नाला उत्तरच नाही. शंभर माणसं टाळ्या वाजवत असतील, तर मात्र यांच्या आवाजांतला फरक उजव्या हातांमुळे जास्त पडतोय की डाव्या, असं विचारता येतं. आनुवंशिकतेचं प्रमाण हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते शंभर जणांतल्या फरकाबद्दल बोलतं. तुमच्या मुलीच्या टाळीबद्दल एक अक्षरही बोलत नाही. हाताला पाच बोटं येणं जनुकांनीच ठरतं, तरी बोटांच्या संख्येचं आनुवंशिकतेचं प्रमाण काढायला गेलात तर ते फार कमी भरेल, कारण बोटांच्या संख्येत जो फरक दिसतो तो बहुतेक वेळा अपघातांनी पडलेला असतो. शिवाय हे प्रमाण सगळीकडे सारखं राहत नाही. अमेरिकेत 2003 मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास झाला. सुस्थितीतल्या घरांत बुद्ध्यांकातल्या फरकांचा मोठा वाटा जनुकांकडे गेला, तर अगदी गरीब घरांत तो जवळपास शून्यावर आला. पुढे युरोपात आणि ऑस्ट्रेलियात अशी तफावत ठळकपणे दिसली नाही. म्हणजे आकडा कुणाचा आणि कुठला, हे विचारल्याशिवाय तो वापरू नये.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. 'आनुवंशिक' हा शब्द आपण 'अटळ' या अर्थानं ऐकतो. या बाबतीत मला सगळ्यात शिकवणारं उदाहरण वाटतं ते चष्म्याचं. लांबचं न दिसण्याचा दोष चांगलाच आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांत त्याचं प्रमाण बुद्ध्यांकापेक्षाही जास्त भरतं. असं असूनही चीनमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वी जो दोष 10 ते 20 टक्के लोकांत होता, तो आता किशोरवयीन आणि तरुणांमध्ये 90 टक्क्यांपर्यंत पोहोचला आहे. सोलमध्ये एकोणीस वर्षांच्या मुलांची तपासणी झाली तेव्हा 96.5 टक्के मुलांत तो निघाला. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते बालपण: जवळून बघण्याचं काम वाढलं, मोकळ्या उजेडातला वेळ आटला. ग्वांगझूमधल्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज फक्त 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी 2015 मध्ये निष्कर्ष आले. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांपैकी 39.5 टक्के मुलांत हा दोष नव्यानं आला होता, बाहेर खेळलेल्यांत 30.4 टक्के मुलांत. आणि ज्याला चष्मा लागलाच, त्याला भिंग मिळालं की फळा दिसतो. त्याच्या जनुकांत तसूभरही फरक न करता. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे मुलीच्या वाचनाबद्दल बोलताना मला ते परत लागणार आहे.

आता तुमच्यासारख्या घरांकडे येते.

दत्तक मुलांचे अभ्यास जनुकं आणि घर वेगळं काढून दाखवतात, म्हणून संशोधकांनी ते पुष्कळ केले. त्यातला एक निष्कर्ष तुम्हाला टोचेल. कुणी अर्धवट सांगण्यापेक्षा तो माझ्याकडूनच ऐका. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये 245 दत्तक मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. मुलं मोठी होत गेली तशी बुद्धिचाचण्यांत ती जन्मदात्या पालकांशी जास्त मिळतीजुळती होत गेली, आणि वाढवणाऱ्या पालकांशी असलेलं साम्य जवळपास शून्यावर आलं. हे वाचून तुमच्या बहिणीचं म्हणणं खरं ठरलं असं वाटेल. थांबा.

1949 मध्ये मेरी स्कोडाक आणि हॅरल्ड स्कील्स यांनी आयोवातल्या शंभर दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या निघाल्या. ज्या जन्मदात्या आयांचे बुद्धिचाचणीतले गुण जास्त, त्यांच्या मुलांचे गुणही इतर मुलांच्या तुलनेत जास्त. म्हणजे मुलांचा आपापसातला क्रम बराचसा आयांच्या क्रमासारखा. पण मुलांची सरासरी आयांच्या सरासरीपेक्षा सुमारे 20 गुणांनी वर होती. तुम्ही वर्ग शिकवता, तुम्हाला हे लगेच समजेल. सगळ्या वर्गाचे गुण वीसनं वाढले तर क्रमांक कुणाचाच बदलत नाही. जो फक्त क्रमांक बघतो तो म्हणेल, शिकवण्याचा काही उपयोग झाला नाही. साम्याचे आकडे क्रमांक मोजतात. घरानं मुलाला किती वर उचललं ते त्यांना दिसतच नाही.

फ्रान्समधला अभ्यास याहून स्पष्ट आहे. लहानपणी आबाळ किंवा छळ झालेली 65 मुलं चौथ्या ते सहाव्या वर्षात दत्तक गेली. तेव्हा त्यांचा बुद्ध्यांक 86 च्या खाली होता, सरासरी 77. पौगंडावस्थेत ती सरासरी 91 झाली. आर्थिक-सामाजिक परिस्थिती बेताची असलेल्या घरांत गेलेल्या मुलांची वाढ सुमारे 8 गुणांची, सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांची जवळजवळ 20 गुणांची. हा अभ्यास 1999 चा. 2015 मध्ये स्वीडनमध्ये सख्ख्या भावांच्या 436 जोड्या पाहिल्या, एक भाऊ जन्मघरी वाढलेला, दुसरा दत्तक गेलेला. सैन्यभरतीच्या वयात दत्तक गेलेल्या भावाचा बुद्ध्यांक सरासरी 4.4 गुणांनी जास्त निघाला. एकाच आई-वडिलांची मुलं, घर वेगळं.

तुमची मुलगी अडीच वर्षं संस्थेत होती, हेही विसरून चालणार नाही. 1989 नंतर रुमानियातल्या अत्यंत वाईट अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत तिथून सुटलेली मुलं बहुतांशी इतरांसारखीच वाढली. जास्त काळ अडकलेल्यांत लहानपणी बौद्धिक वाढ मागे पडलेली दिसे, पण 2017 मध्ये ती तरुण झाल्यावरचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या बाबतीत ती सर्वसाधारण पातळीला पोहोचली होती. लक्ष न लागणं आणि भावनिक अडचणी मात्र अनेकांत उरल्या. तुमची मुलगी होती ती संस्था तशी असेल असं मी मुळीच म्हणत नाही. सांगायचं इतकंच की सुरुवातीची आबाळ भरून यायला कधी दहा-पंधरा वर्षंही लागतात. दहाव्या वर्षी हिशेब मिटवायची घाई करू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 2018 मध्ये आइसलँडमध्ये एक सुरेख अभ्यास झाला. आई-वडिलांची निम्मी जनुकं मुलात उतरतात, निम्मी उतरत नाहीत. संशोधकांनी पाहिलं, न उतरलेल्या जनुकांचा मुलाच्या शिक्षणाशी काही संबंध आहे का? होता. उतरलेल्या जनुकांच्या प्रभावाच्या सुमारे 30 टक्के. मुलाच्या शरीरात नसलेली जनुकं त्याच्यावर परिणाम कसा करतात? आई-वडिलांना ती जसं घडवतात, त्यातून ते जसं घर मांडतात, तसा.

हे तुमच्या घराला लावून बघा. तुम्ही दोघं शिक्षक. भिंतीवर पुस्तकं असतील, बोलण्यात शब्दांचे खेळ असतील, संध्याकाळी शांतपणे बसून वाचणं हीच करमणूक असेल. हे घर तुम्ही तुमच्या स्वभावाच्या मापानं बेतलंत, आणि त्या स्वभावात तुमच्या जनुकांचा हात आहे. मुलाला दोन्ही एकदम मिळालं: ती जनुकं आणि त्या जनुकांना आवडणारं घर. अंगरखा त्याच्याच अंगाचा शिवलेला असल्यासारखा बसला. त्यानं पुस्तक ओढलं, तुम्ही कौतुकानं दुसरं दिलं, त्यानं तेही ओढलं. मुलाचा कल पालकांचं वागणं ओढून घेतो, पालकांचं वागणं कल वाढवतं, आणि सुरुवातीचा केसाएवढा फरक वर्षागणिक रुंदावत जातो. विल्यम डिकन्स आणि जेम्स फ्लिन यांनी 2001 मध्ये हेच गणितानं मांडलं: जनुकांतला छोटा फरक आपल्याला साजेसं वातावरण खेचतो, वातावरण तो फरक फुगवतं, आणि शेवटी आपण सगळं श्रेय जनुकांच्या खात्यात टाकतो.

मुलगी त्याच घरात आली, पण अंगरखा तिच्या मापाचा नव्हता. तो तिला बसत नाही म्हणून आपण तिच्या अंगात खोट काढतोय. 'एकाच घरात वाढतात, मग फरक का?' असं तुम्हाला वाटत असेल. दोघं एकाच पत्त्यावर राहतात, एवढंच. मुलासाठी तुम्ही जे आपसूक केलंत, ते तिच्यासाठी जाणूनबुजून, तिच्याकडे निरखून बघत करावं लागेल. दत्तक मुलांच्या पालकांचं काम इथेच जास्त असतं, आणि हे त्यांना फार कमी वेळा सांगितलं जातं.

'रक्त ते रक्त' म्हणणाऱ्यांना रक्ताबद्दलही फारसं माहीत नसतं. प्रत्येक मुलाच्या वाट्याला आई-वडिलांच्या जनुकांची नवी फेरवाटणी येते. म्हणून सख्ख्या भावंडांच्या बुद्ध्यांकांतही सरासरी 12-13 गुणांचं अंतर असतं. रस्त्यावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांत ते सुमारे 17 असतं. तुमच्या पोटी दुसरं मूल जन्मलं असतं आणि तेही जोडाक्षरांवर अडखळलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? माझा अंदाज आहे, रक्ताचा विचार न करता सरळ तज्ज्ञाकडे गेला असता.

तेच आता करा. पत्रात एक तपशील तुम्ही जाता जाता लिहिलाय: ऐकलेली गोष्ट ती बारकाव्यांसह सांगते. ऐकून नीट समजतं, लक्षात राहतं, पण छापलेलं अक्षर सोडवताना अडतं, अशी ठेवण डिस्लेक्सियात, म्हणजे वाचन शिकण्यातल्या अडचणीत, वारंवार दिसते. लांबून निदान करणं मला शक्य नाही आणि योग्यही नाही. पण तपासणीची वेळ आली आहे, हे मी ठामपणे सांगेन. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. लहानपणी कानाचं दुखणं अंगावर काढलेल्या मुलांना आवाजांतले बारीक फरक पकडणं जड जाऊ शकतं, आणि संस्थेत असतानाचं तिचं दुखणंखुपणं तुम्हाला माहीत नाही. मग तिच्या शिकण्याच्या भाषेत वाचनाची चाचणी घेऊ शकेल असा मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक गाठा. नुसता बुद्ध्यांक काढून आणू नका. वाचनाचा वेग, अचूकपणा, आवाज सुटे करण्याची क्षमता आणि ऐकून समजण्याची क्षमता वेगवेगळी मोजून हवी.

डिस्लेक्सिया साधारण 5 ते 10 टक्के लोकांत असतो आणि तो चांगलाच आनुवंशिक आहे. 2022 मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून त्याच्याशी जोडलेल्या 42 जनुकीय जागा सापडल्या. तो कुठल्याही बुद्ध्यांकाच्या माणसाला असू शकतो, आणि आनुवंशिक असूनही त्याच्यावर शिकवण्याचा उपाय चालतो. चष्म्याचं उदाहरण इथे आठवा. अक्षर आणि आवाज यांची जोड क्रमानं, उघडपणे, एका वेळी थोडीच, पण रोज पक्की करून घेतली तर अशी मुलं वाचायला लागतात. जोडाक्षर तोडून दाखवायचं, बोलून घ्यायचं, पुन्हा जोडायचं. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा दोन तास नव्हे. तोवर तिच्या डोक्याची उपासमार होऊ देऊ नका. इतिहास, विज्ञान, गोष्टी, सगळं वाचून दाखवा, ध्वनिमुद्रित पुस्तकं लावा, शाळेशी बोलून तोंडी उत्तरांची आणि जादा वेळेची सोय मागा. आणि एक विनंती. धाकट्या भावासमोर तिला मोठ्यानं वाचायला लावू नका.

चाचणीत डिस्लेक्सिया निघाला नाही आणि एकूणच ती सावकाश शिकणारी आहे असं दिसलं, तर? तेही होऊ शकतं. तेव्हाही शाळा हे शिकण्याचं ठिकाणच राहतं. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी 2018 मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा आढावा घेतला. शिक्षणाचं प्रत्येक वाढीव वर्ष बुद्ध्यांकात 1 ते 5 गुणांची भर घालतं, असं त्यातून दिसलं. सावकाश शिकणाऱ्या मुलाकडून शाळा लवकर सुटली तर त्याचं नुकसान दुप्पट होतं.

डीएनए चाचणीबद्दल माझं उत्तर साफ 'नको' आहे. 2022 मध्ये 30 लाख लोकांच्या जनुकांचा शिक्षणाच्या वर्षांशी मेळ घातला गेला. जवळपास चार हजार जागा सापडल्या, प्रत्येकीचा प्रभाव कणभर. त्या सगळ्यांची बेरीज करून लोकांच्या शिक्षणातल्या फरकाचा 12 ते 16 टक्केच भाग सांगता येतो. एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली की ही ताकद आणखी बरीच घटते, कारण त्या बेरजेत पालकांनी मांडलेल्या घराचा प्रभावही मिसळलेला असतो. आणि ती माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे इतरांच्या बाबतीत अंदाज अजून कच्चा. लोकसंख्येचा अभ्यास करायला हे उपयोगी आहे. एका दहा वर्षांच्या मुलीबद्दल ते जवळपास काहीच सांगत नाही. खेळातल्या गुणवत्तेच्या जनुकीय चाचण्यांबद्दलही तज्ज्ञांनी 2015 मध्ये एकत्र येऊन म्हटलं होतं की गुणी खेळाडू शोधायला त्यांचा उपयोग नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारे भेटले तर त्यांना दारातूनच परत पाठवा. त्या दाव्याला आधार नाही. शिवाय तिची जनुकं ही तिची खासगी गोष्ट आहे. जन्मदात्यांबद्दल जाणून घ्यायचं की नाही, ते मोठी झाल्यावर ती ठरवील. आनुवंशिक आजाराची शंका असेल तर तो प्रश्न वेगळा, तो डॉक्टरांशी बोला.

अपेक्षांचं म्हणाल, तर 'जास्त की कमी' असा प्रश्न मला पडत नाही. अपेक्षा कशाची, हे बघायला हवं. 'वर्गात पहिल्या दहात ये' ही अपेक्षा तिच्या हातात नाही. 'आज हे पान कालपेक्षा कमी अडखळत वाच' ही आहे. मागच्या तिमाहीतली ती आणि आजची ती, एवढीच तुलना ठेवा. 1905 मध्ये पहिली बुद्धिचाचणी बनवणाऱ्या आल्फ्रेड बिने यांचा हेतूही शाळेत जास्त मदत लागणारी मुलं ओळखण्याचाच होता. बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे असं म्हणणाऱ्यांना त्यांनी 1909 मध्ये कडाडून विरोध केला. त्यांच्या चाचणीचा पुढे शिक्का मारायला इतका वापर झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलाबद्दलही दोन शब्द, कारण पत्रात तो फक्त तुलनेपुरता येतो. चौथ्या वर्षी वाचायला लागणं छान आहे, पण त्याच्या आयुष्याचं ते भाकीत नाही. लुईस टर्मन यांनी 1921 पासून चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्या निवडीत न बसलेल्या मुलांपैकी विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. कसरत आणि सराव यांचं गणितही सगळ्यांना सारखं लागत नाही. अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंच्या एका अभ्यासात मास्टर पातळी गाठायला एकाला सुमारे 3 हजार तास लागले, तर दुसऱ्याला 23 हजारांहून जास्त. दोघंही पोहोचले. घरात एकाला 'हुशार' आणि दुसरीला 'कष्टाळू' अशी नावं पडली असतील तर ती आजच पुसा. 'हुशार' म्हणून वाढलेलं मूल अवघड गोष्टीला हात लावायला घाबरू लागतं, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

राहिली ती परवाची गोष्ट. मुलीनं ऐकलं आहे असंच धरून चला. 'तू काही ऐकलंस का?' असं विचारून तिला पेचात टाकू नका. तुम्हीच सुरुवात करा. "आत्या त्या दिवशी जे बोलली ते चूक होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, बोललो नाही, ती माझी चूक." एवढंच. लांबलचक समजावणी नको, तिला प्रश्न असतील तर ती विचारेल, कदाचित चार दिवसांनी, भलत्याच वेळी. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

बहिणीशी मुलांच्या माघारी बोला. तिला अभ्यासांचे दाखले देत बसू नका, तिच्यापर्यंत ते पोहोचणार नाहीत. "माझ्या मुलीबद्दल माझ्या घरात असं पुन्हा बोलायचं नाही," हे शांतपणे सांगितलंत तर पुरे. ती रागावेल. रागावू दे.

आणि तपासणीला जाण्याआधी एका निवांत संध्याकाळी मुलीला विचारा, "वाचताना नेमकं काय होतं? अक्षरं हलतात, की आवाज आठवत नाहीत, की ओळ हरवते?" दहा वर्षांची मुलं याचं फार नेमकं उत्तर देतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि तो कागद तज्ज्ञांकडे नेताना बरोबर घ्या. अहवाल हातात आला की मला कळवा; पुढे रोजची वीस मिनिटं कशी लावायची ते आपण त्यावरून ठरवू.